जुन्या चित्रपटांचे जतन आणि पुनर्प्रदर्शन

जुना चित्रपट आज चित्रपटगृहात अथवा घरी पाहावयास मिळतो, तो त्याची चांगली प्रत कोठेतरी सुरक्षित राहिली म्हणून. प्रत राहिली नाही, तर गाजलेला चित्रपटही नावापुरता उरतो. अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात झळकला. तोही पूर्ण स्वरूपात शिल्लक नाही.

प्रती का नष्ट झाल्या?

१९५० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत चित्रपटांसाठी मुख्यतः नायट्रेटची फिल्म वापरली जात असे. ती अत्यंत ज्वलनशील असते आणि एकदा पेटली की विझवणे कठीण जाते. त्यानंतरच्या अॅसिटेट फिल्मला आगीचे भय कमी असले, तरी उष्ण व दमट हवेत तिचे विघटन होते. डब्यातून येणारा व्हिनेगरसारखा आंबूस वास ही त्याची खूण होय. शिवाय, प्रदर्शनाचा काळ संपलेल्या अनेक प्रती त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी विकल्या गेल्या.

हा ठेवा वाचवण्यासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना करण्यात आली. संग्रहालयाच्या उभारणीत पी. के. नायर यांचा मोठा वाटा होता. फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग त्यांच्याच प्रयत्नांतून संग्रहालयात आले. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

नवे रूप कसे मिळते?

पुनरुज्जीवनाच्या कामात प्रथम फिल्म स्वच्छ करून फाटलेले भाग जोडले जातात. मग प्रत्येक चौकटीची संगणकीय प्रतिमा घेतली जाते. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात १ लाख ७२ हजार ८०० चौकटी असतात. त्यांवरील ओरखडे व डाग काढून रंग आणि ध्वनी मूळ स्वरूपाच्या शक्य तितके जवळ आणले जातात.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) या चित्रपटाच्या मूळ निगेटिव्हची १९९३ मध्ये लंडनमधील आगीत मोठी हानी झाली होती. जळालेल्या निगेटिव्हचे वापरण्याजोगे भाग आणि अन्य प्रती यांच्या आधारे २०१५ मध्ये तो पुन्हा सिद्ध झाला.

गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभारलेला, श्याम बेनेगल दिग्दर्शित 'मंथन' (१९७६) हे दुसरे उदाहरण. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचे पुनरुज्जीवन केले. त्यासाठी पुण्यातील संग्रहालयात ठेवलेले निगेटिव्ह आणि फाउंडेशनकडील प्रतीवरचा ध्वनी उपयोगात आणण्यात आला. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवल्यानंतर हा चित्रपट जूनमध्ये देशातील चित्रपटगृहांतही प्रदर्शित झाला.

पुन्हा मोठ्या पडद्यावर

पूर्वी पुनर्प्रदर्शनासाठी नव्या प्रती काढून गावोगावी पाठवाव्या लागत आणि हा खर्च अनेकदा परवडत नसे. डिजिटल प्रक्षेपणामुळे तो बराच कमी झाला. १९६० चा 'मुघल-ए-आझम' नोव्हेंबर २००४ मध्ये संपूर्ण रंगीत स्वरूपात चित्रपटगृहांत आला. अलीकडच्या चित्रपटांनाही दुसरी संधी मिळू लागली आहे. २०१८ मध्ये माफक प्रतिसाद मिळालेल्या 'तुंबाड'ने सप्टेंबर २०२४ मधील पुनर्प्रदर्शनात पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले.

घरी पाहताना

दूरदर्शन, व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी आणि आता इंटरनेट यांमुळे चित्रपट घरोघरी पोहोचला. मात्र घरच्या पडद्यावर त्याचे मूळ रूप टिकतेच असे नाही. 'संत तुकाराम' (१९३६) सारख्या जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असे. आजच्या रुंद टीव्हीवर ती ताणून दाखवल्यास चेहरे पसरट दिसतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू देणेच योग्य. 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याला वर व खाली पट्ट्या येतात. त्या टाळण्यासाठी चित्र मोठे केल्यास कडेची पात्रे कापली जातात. अनेक टीव्ही संचांत हालचाल अधिक सफाईदार भासवणारी सुविधा असते. ती बंद ठेवल्यास चित्रपट मूळ गतीने दिसतो.

इंटरनेटवरील उपलब्धताही कायमची नसते. हक्कांचा करार संपताच चित्रपट तेथून काढला जाऊ शकतो. शिवाय घरी दिसणारे चित्र हे दुय्यम प्रतीवरून तयार झालेले असते; मूळ फिल्मची जागा ते घेऊ शकत नाही. त्यामुळे जुन्या चित्रपटगृहांच्या खोल्यांत, वितरकांच्या गोदामांत अथवा कुटुंबांच्या माळ्यावर पडून असलेले फिल्मचे डबे, भित्तिपत्रके आणि छायाचित्रे भंगारात देण्यापूर्वी संग्रहालयास कळवणे हितावह ठरते. एखाद्या हरवलेल्या चित्रपटाचा उरलेला एकमेव धागा अशा डब्यातही असू शकतो.