संगीत महाभारती : तबलावादकाने उभारलेली स्वरांची शाळा

1956 साली घोष बंधूंच्या वाटा वेगळ्या झाल्या. थोरले पन्नालाल घोष आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाची धुरा घेऊन दिल्लीला गेले. धाकटे निखिल घोष मुंबईतच राहिले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘संगीत महाभारती’ ही संस्था स्थापन केली. एकाच्या हातात बासरी, दुसऱ्याच्या हाताखाली तबला. अनेक मैफलींत दोघे शेजारी बसले होते. संस्थेची वाटचाल समजून घ्यायची तर सुरुवात या जोडीपासूनच करावी लागते.

बारिसालहून मुंबईला

घोष कुटुंब आजच्या बांगलादेशातील बारिसालचे. घरात सतार होती, गाणे होते. पन्नालाल यांचा जन्म 1911 चा, निखिल यांचा 1918 चा. कोलकात्यात न्यू थिएटर्समध्ये काम केल्यावर पन्नालाल 1940 मध्ये मुंबईत आले. चरितार्थ चित्रपटांवर चालला. ‘बसंत’ (1942) या बोलपटाचे संगीतकार म्हणून त्यांचेच नाव आहे. त्यांच्या पत्नी पारुल घोष त्या काळच्या नावाजलेल्या पार्श्वगायिका आणि संगीतकार अनिल विश्वास यांच्या भगिनी. मात्र स्टुडिओतून घरी परतल्यावर पन्नालाल यांना एकच ध्यास होता. बासरीवर ख्याल वाजला पाहिजे.

तोवर शास्त्रीय मैफलीत बासरीला स्वतंत्र बैठक जवळपास नव्हतीच. लहान बासरीचा आवाज उंच आणि चपळ. धून छान वाजे, पण मंद्र सप्तकातली आलापी तिच्या आवाक्याबाहेरची होती. पन्नालाल यांनी बांबूची लांबी वाढवत सुमारे 32 इंचांपर्यंत नेली. सहा छिद्रे झाकली की बासरीवर मंद्र पंचम लागतो. त्यांनी खाली सातवे छिद्र पाडले, करंगळीने ते झाकले की तीव्र मध्यम मिळतो. यमन वाजवताना तीव्र मध्यमावरून पंचमावर जाणारी मींड त्यामुळे अखंड राहते. 1947 पासून उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे त्यांनी तालीम घेतली आणि गायकी अंगाची विलंबित बासरी मैफलीत रुजवली.

बासरी विलंबितात गेली आणि तबल्याचे काम बदलले. द्रुत धुनेला ठेका धरणे एक आणि फुंकीवर तोललेल्या संथ स्वराला ठेका देणे दुसरे. बासरीवादकाला दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यावाच लागतो. ती जागा तबलजीने बोलांनी भरून टाकली तर राग तुटतो, आणि मोकळी सोडताना लय सैल पडली तर समेचा आधार जातो. मंद्रातला आवाज मुळात नाजूक, डग्ग्याची घुमक थोडी वाढली तरी तो बुडतो. स्वर मिळवण्याचीही अडचण असते. गायक किंवा सतारिया गरजेप्रमाणे आपला षड्ज थोडा सरकवू शकतो, बांबूचा षड्ज ठरलेला. म्हणून तबल्यालाच बासरीकडे जावे लागते. त्यात फुंकीने नळीतली हवा तापत जाते तसा बासरीचा स्वर किंचित चढतो, आणि मुंबईच्या दमट हवेत पुडी उतरते. गजऱ्यावर आणि गठ्ठ्यांवर हातोडीचे घाव घालत तबलजीला मैफलभर हा फरक सांभाळावा लागतो. अशा संगतीला नुसती बोटांची तयारी पुरत नाही. समोरच्या रागाची पुढची चाल कानाला आधी कळावी लागते. निखिल घोष यांनी हे शिक्षण भावाच्या शेजारी बसूनच घेतले होते.

तालमीची शिदोरी

निखिल यांचा तबला एका गुरूपुरता नव्हता. कोलकात्यात ज्ञानप्रकाश घोष, पुढे उस्ताद अमीर हुसेन खाँ आणि उस्ताद अहमदजान थिरकवा. शेवटची दोन नावे मराठी रसिकाच्या घरातलीच. थिरकवा खाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबला वाजवत, अमीर हुसेन खाँसाहेबांनी मुंबईत राहून मराठी तबलावादकांची एक मोठी पिढी घडवली. निखिल यांनी गाण्याचेही शिक्षण घेतले होते. उस्ताद फैयाज खाँ, पंडित ओंकारनाथ ठाकूर, उस्ताद बडे गुलाम अली खाँ, उस्ताद अमीर खाँ यांच्यापासून पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ, उस्ताद विलायत खाँ यांच्यापर्यंत अनेकांची साथ त्यांनी केली. प्रत्येकाची लय वेगळी, बढत वेगळी. इतक्या प्रकारचे संगीत ज्या माणसाच्या हातांखालून गेले, त्याला शाळा काढावीशी वाटली तर ती केवळ तबल्याची निघणे अवघडच होते.

शाळेचे स्वरूप

तो काळ साथीदाराच्या मानाचा नव्हता. जाहिरातीत त्याचे नाव बारीक अक्षरांत, बिदागी मुख्य कलावंताच्या मानाने किरकोळ. अशा वेळी एका तबलावादकाने गायन, वाद्यवादन आणि ताल एकाच छताखाली शिकवणारी संस्था काढली. त्यांच्या विचाराची साक्ष ‘फंडामेंटल्स ऑफ राग अँड ताल’ या त्यांच्या पुस्तकात मिळते. ते 1968 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात त्यांनी स्वतः तयार केलेली स्वरलिपी मांडली. पलुस्कर आणि भातखंडे या दोन पद्धती तेव्हा रूढ होत्याच. तरीही निखिल यांना नवी पद्धत हवी होती, जिच्यात राग आणि ताल दोन्ही सारख्याच बारकाव्याने लिहिता येतील. पुस्तकाच्या नावातही राग आणि ताल शेजारी बसले आहेत.

पन्नालाल यांना या शाळेची वाढ फार काळ पाहता आली नाही. 20 एप्रिल 1960 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, वय पन्नाशीच्याही आत. त्यांची बासरी मात्र महाराष्ट्रात टिकली. जावई आणि शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांनी ती पुढे नेली; त्यांच्याकडून ती पुण्याच्या केशव गिंडे यांच्यापर्यंत पोहोचली.

इकडे संगीत महाभारतीतून तबलावादक घडत होते. त्यांतले अनीश प्रधान मैफलीच्या साथीत नावाजले गेलेच. शिवाय वसाहतकालीन मुंबईतील हिंदुस्थानी संगीतावर त्यांनी इंग्रजीत संशोधनपर ग्रंथ लिहिला. तबलावादकाने संगीताच्या इतिहासावर अधिकाराने लिहावे, यात गुरूच्या शाळेचा संस्कार दिसतो.

कोशाचे स्वप्न

निखिल घोष यांचा सर्वांत मोठा संकल्प भारतीय संगीताच्या कोशाचा. घराणी, वाद्ये, राग, ताल, कलावंत, ग्रंथ, नृत्य आणि नाट्याशी निगडित संज्ञा, सगळे एका ठिकाणी आणायचे. 1990 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. 3 मार्च 1995 रोजी ते गेले, तेव्हा कोश छापून झालेला नव्हता. एका व्यक्तीच्या जिद्दीवर उभे राहिलेले असे प्रकल्प बहुधा त्या व्यक्तीबरोबर कपाटात जातात. हा गेला नाही. 2011 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो तीन खंडांत प्रसिद्ध केला आणि त्याच्या नावात संगीत महाभारतीचे नाव राहिले. संस्थापकाच्या निधनानंतर सोळा वर्षांनी त्याचे काम पुरे होणे, ही संस्थेच्या जिवंतपणाची खरी पावती.

पुढची पिढी

निखिल यांच्या मुलांनी निवडलेली वाद्ये पाहिली की घरातली शिकवण उलगडते. नयन घोष सतार आणि तबला ही दोन्ही वाद्ये मैफलीत वाजवतात. संस्थेची जबाबदारी पुढे त्यांच्याकडे आली. तुलिका घोष गायिका. ध्रुव घोष यांनी सारंगी घेतली. ते जुलै 2017 मध्ये गेले, पण मागे पडलेल्या या वाद्याला त्यांनी एकलवादनाची नवी प्रतिष्ठा मिळवून दिली होती. तबलावादकाच्या घरात सारंगी असण्याला खास अर्थ आहे. स्वतंत्र तबलावादनात लेहरा धरण्याचे परंपरेने चालत आलेले काम सारंगीचे. तबला स्वराला साथ देतो, तेव्हा तो पाठीशी असतो. लेहऱ्याच्या वेळी स्वर तबल्याच्या पाठीशी येतो. नयन यांचे पुत्र ईशान घोष यांच्या रूपाने तिसरी पिढीही आज तबल्यावर आहे.

जिल्ह्यातल्या वर्गांसाठी

मुंबईतल्या या संस्थेची कहाणी अहिल्यानगर जिल्ह्यात बसून वाचताना एक गोष्ट लक्षात येते. एकत्र शिकण्याची ही रीत आपल्याकडे परकी नाही. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली, त्या परिसरात गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत पखवाज शिकणारा मुलगा पहिल्यापासून अभंगाच्या मागेच वाजवतो. चाल कधी वर जाणार, टाळकरी कुठे थांबणार, हे त्याला वही न उघडता कळते. शहरांतल्या शास्त्रीय वर्गांत मात्र ही जोड सुटत चालली आहे. तबल्याचा विद्यार्थी मोबाइलवरचा लेहरा लावून कायदे घोटतो, बासरीचा विद्यार्थी तबला मशीनवर गती बसवतो. विशारदच्या परीक्षेपुरती तयारी होते, पण मशीन श्वास घेत नाही आणि चुकीला सावरूनही घेत नाही. म्हणून या मुलांना समोरच्याला ऐकून थांबण्याची सवय लागत नाही.

उपाय खर्चिक नाही. आठवड्यातून एक तास दोन्ही वर्ग एकत्र बसवावेत. अर्धा तास बासरीच्या मुलाने तबल्याच्या मुलासाठी तीनतालाच्या सोळा मात्रांचा लेहरा धरावा, एकही आवर्तन न हलवता. उरलेल्या अर्ध्या तासात तबल्याच्या मुलाने बासरीच्या मुलाच्या विलंबित गतीला केवळ ठेका द्यावा, एकही तुकडा न वाजवता. पहिले काही आठवडे दोघांनाही कंटाळा येईल, कारण दोघांनाही दुसऱ्यासाठी वाजवायचे आहे. मैफलीत मान मिळवणारी साथ याच कंटाळ्यातून तयार होते.