एक्स आला की थांबायचं

समोर रिकामी स्क्रीन. त्यावर एकेक अक्षर येतं आणि जातं. कुठलंही अक्षर आलं की स्पेसबार दाबायचा. फक्त एक्स आला की हात आवरायचा. अशी ३६० अक्षरं, चौदा मिनिटं. शेवटी संगणक सांगतो की किती अक्षरं निसटली, किती वेळा नको तिथे बटण दाबलं गेलं आणि दर वेळी बोट किती मिलिसेकंदांत हललं.

एडीएचडीच्या तपासणीत वापरली जाणारी ही कॉनर्स चाचणी. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण थोड्याच वेळात जीव कंटाळतो. तो कंटाळा मुद्दाम आणलेला असतो. आणि कंटाळा आणून लक्ष मोजायची ही युक्ती लहान मुलांसाठी नाही, युद्धासाठी शोधली गेली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमानं समुद्रावर जर्मन पाणबुड्या शोधत फिरायची. रडारच्या पडद्यावर ठिपका दिसला की कळवायचं, एवढंच ऑपरेटरचं काम. तासन्‌तास काहीच घडायचं नाही आणि घडायचं तेव्हा नेमकं नजरेतून सुटायचं. माणूस डोळ्यांत तेल घालून किती वेळ बसू शकतो, हा प्रश्न केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांच्याकडे आला. त्यांनी आकडे नसलेलं एक घड्याळ बनवलं. काटा दर सेकंदाला एक घर सरकायचा आणि क्वचित एकदम दोन घरं उडी मारायचा. ती उडी दिसली की कळ दाबायची. असं दोन तास. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटण्याचं प्रमाण वाढलेलं होतं, तेही निरोगी, तरुण जवानांमध्ये. बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिन, दिलं की ही घसरण टळते, हेही मॅकवर्थ यांना दिसलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हेच औषध अमेरिकेत त्याआधीच मुलांपर्यंत पोहोचलं होतं. १९३७ साली ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या अडचणी असलेल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन दिलं. त्यांतल्या १४ जणांच्या शाळेतल्या कामात ठळक सुधारणा झाली. पण ती ठरवली कशी? शिक्षक आणि नर्स यांनी पाहून. मोजायला काही नव्हतं.

मोजमाप आलं १९५६ साली. रॉसवोल्ड, मर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कंटिन्युअस परफॉर्मन्स टेस्ट’ तयार केली. एक्स दिसला की बटण दाबायचं. अवघड प्रकारात एक्सच्या आधी ए आलेला असेल तरच दाबायचं. हेतू होता मेंदूची इजा ओळखण्याचा. चंचल मुलांचा विषय तिथे नव्हताच.

तो आणला माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या व्हर्जिनिया डग्लस यांनी. तोवर अशा मुलांची ओळख म्हणजे त्यांची वळवळ. १९६८ च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेतलं नावही अतिचंचलतेवरूनच होतं. डग्लस यांच्या गटाने या चाचण्या मुलांवर वापरल्या आणि १९७२ मध्ये मांडलं की खरी अडचण पाय हलण्यात नाही, लक्ष टिकण्यात आणि आवर घालण्यात आहे. १९८० मध्ये आजाराचं नावच ‘अटेन्शन डेफिसिट’ झालं. मिथाइलफेनिडेट दिल्यावर या मुलांचे गुण सुधारतात, हेही याच गटाने दाखवलं होतं.

मग सोपं झालं ना? गोळी द्या, चाचणी घ्या, गुण वाढले तर निदान पक्कं.

इथे मॅकवर्थ यांचे जवान आठवा. त्यांना कुठे एडीएचडी होता? १९७८ साली अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी कुठलीही तक्रार नसलेल्या १४ मुलग्यांना अ‍ॅम्फेटामिनचा एक डोस दिला. त्यांचीही हालचाल कमी झाली, प्रतिक्रिया जलद झाली. म्हणजे औषधाने गुण वाढले, एवढ्यावरून आजार होता असं म्हणता येत नाही. लक्ष बदललं का, हे चाचणी सांगते. का कमी होतं, ते सांगत नाही. झोप झालेली नसेल किंवा डोक्यात काळजी असेल, तरी अक्षरं निसटतातच.

संगणकाने मोजणं बारीक केलं. टोव्हा चाचणीने अक्षरं काढून चौकोन आणले, म्हणजे वाचनाची अडचण आड येऊ नये. आणि कीबोर्डऐवजी स्वतःचं वेगळं बटण दिलं. कोड लिहिणाऱ्याला याचं कारण लगेच कळतं. ६० हर्ट्‌झची स्क्रीन दर १७ मिलिसेकंदांनी चित्र बदलते, शिवाय कीबोर्डचा उशीर वेगळा. हा उशीर कमीजास्त होत राहिला तर तुम्ही मुलाला मोजताय की मशीनला? फोनवरच्या फुकट चाचण्यांनाही हाच प्रश्न विचारा. स्वीडनच्या क्यूबी टेस्टने पुढे कॅमेराही जोडला. बटणासोबत डोक्याची हालचालही मोजली जाते.

इंग्लंडमध्ये या चाचणीचा कस २५० मुलांवर लागला. निम्म्यांचा अहवाल डॉक्टरांना दाखवला, निम्म्यांचा झाकून ठेवला. अहवाल हाती असलेले डॉक्टर लवकर निर्णयाला आले, पण त्यांची निदानं जास्त अचूक ठरली नाहीत. २०२४ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने ६ ते १७ वयोगटासाठी निदानाला मदत म्हणून ही चाचणी मान्य केली. उपचारांचा परिणाम मोजण्यासाठी मात्र अजून संशोधन हवं, असं सांगितलं.

त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून कुणाला आळशी ठरवू नका. शांत खोलीत, समोर कुणी बसलेलं असताना चौदा मिनिटं जमवणारं मूल घरच्या गोंगाटात गृहपाठ पुरा करू शकेलच असं नाही. निदानाच्या निकषांत आजही कुठला स्कोअर नाही. त्रास बारा वर्षांच्या आधीपासून आहे का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतो का, हे तिथे विचारलं जातं. त्याची उत्तरं आईवडील, शिक्षक आणि ते मूल यांच्याकडेच असतात. ब्रॅडली यांनीही शिक्षकांनाच विचारलं होतं. आता त्यांच्या शब्दाशेजारी ठेवायला एक आकडा मिळाला आहे, इतकंच.