काचेला लागलेलं वळण

भारतातल्या टेलिफोन एक्स्चेंजची पहिली ऑप्टिकल फायबर जोडणी 1979 मध्ये पुण्यात सुरू झाली. काचेच्या तंतूतून दूरवर संभाषण पाठवता येईल, हे भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये मांडलं, तेव्हा काचेत किलोमीटरभर अंतरावर प्रकाशाचा मागमूसही उरत नसे. 1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने किलोमीटरनंतरही एक टक्क्याहून जास्त प्रकाश टिकवून दाखवला. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांत पुणे! सरकारी खात्याच्या मानाने हा वेग नवलाचाच. नव्वदच्या दशकात तर तेव्हाच्या औरंगाबादजवळ, वाळूजला, फायबर तयारही होऊ लागलं.

मग काच घरात यायला इतका उशीर का? एक कारण किंमत. दुसरं कारण, कोपरा.

एक्स्चेंज ते एक्स्चेंज डक्टमधून सरळ जाणं फायबरला सोपं. दाराच्या चौकटीला वळसा घालायची वेळ आली, की प्रकाश तंतूच्या गाभ्यातून गळू लागतो. साध्या फायबरला 30 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण मानवत नसे.

आणि भिवंडीतल्या निजामपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत कोपऱ्यांना काय तोटा! 1857 नंतर उत्तरेतले विणकर आग्रा रोडने भिवंडीत उतरले, स्थिरावले. हातमागांच्या जागी पुढे यंत्रमाग आले, घरं आणि माग एकमेकांना खेटून वाढले. अशा गल्लीत कुठलीही वायर सरळ जाईलच कशी?

उपाय काचेतच सापडला. गाभ्याभोवती कमी अपवर्तनांकाचं एक कडं बसवलं, की निसटू पाहणारा प्रकाश आतच राहतो. अशा फायबरसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 मध्ये 'जी.657' हे मानक काढलं. पुढच्याच वर्षी कॉर्निंगनेही आपलं वाकणारं फायबर जाहीर केलं. आज त्यातले काही प्रकार 7.5, तर काही 5 मिलिमीटर त्रिज्येतही वळतात.

पर्यावरणाचा हिशेब मात्र काचेइतका स्वच्छ नाही. जुन्या केबलमध्ये तांबं, कागद आणि वर शिशाचं आवरण असे. पुढे पॉलिथिन आणि पेट्रोलियम जेली आली. फायबरने तांबं आणि शिसं दोन्ही घालवलं. शिवाय एकाच तंतूतून अनेक घरांना जोडणारा स्प्लिटर विजेशिवाय चालतो. वीजवितरणाची व्यवस्था 2007 मध्ये टोरेंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून सोपवावी लागलेल्या भिवंडीला याचं मोल वेगळं सांगायला नको. पण आवरण प्लास्टिकचंच असतं. ते पीव्हीसीचं असेल तर जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं, आणि सूत-कापडाच्या ढिगांच्या या शहरात आग ही काही नवी बातमी नाही. हॅलोजनविरहित आवरण थोडं महाग पडतं, पण जळताना कमी धूर करतं आणि हा जीवघेणा वायू सोडत नाही.

म्हणून नवी जोडणी घेताना केबलवाल्याला दोन गोष्टी विचाराव्यात: फायबर 'जी.657' आहे का, आणि घरातली वायर हॅलोजनविरहित आहे का? बंद पडलेली जुनी वायर खांबावर लोंबकळत ठेवून जाऊ नका, हेही त्याला बजावून सांगावं.