हजर सर!



आमच्या सांगोल्यावरून विमानं खूप जातात, थांबत मात्र एकही नाही! नकाशावर मुंबईपासून चेन्नईपर्यंत सरळ रेघ ओढा, ती सांगोल्याच्या थोडी दक्षिणेकडून जाते. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकलं की लुकलुकणारे दिवे मोजत पडायचं. धाकटी लेक लग्न होऊन चेन्नईला गेली, तेव्हापासून यातला प्रत्येक दिवा ओळखीचा वाटायला लागला.

गेल्या दिवाळीत नातवाने एक डोंगल आणलं. पेनड्राइव्हएवढं, मूळचं टीव्ही बघण्यासाठी बनवलेलं. २०१२ च्या सुमारास हौशी लोकांच्या ध्यानात आलं, की यातल्या चिपने बऱ्याच वेगवेगळ्या रेडिओलहरी पकडता येतात. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन गृहस्थाने विमानांचे संदेश उलगडणारा ‘डम्प१०९०’ नावाचा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला. एरियल आम्ही घरीच केलं. केबल सोलून आतली तांब्याची तार घेतली, सात सेंटीमीटरला जराशी कमी. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर बोलतात, त्या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटीमीटर, तिचा हा चौथा हिस्सा. तार गच्चीच्या कठड्यावर बांधली आणि लॅपटॉपवर आकड्यांच्या ओळी धावायला लागल्या.

"आबा, ही विमानं बोलतायत बघा," नातू म्हणाला.

मी मराठी माध्यमातला बी.ए., आयुष्यभर इतिहास शिकवलेला. मला पहिला प्रश्न पडला तो असा, की विमानं बोलायला शिकली कधी?

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तेव्हा त्या विमानात रेडिओ नव्हता. पुढे मद्रासची टपाल नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे घेऊन गेले, म्हणजे आमच्याच बाजूच्या आकाशातून. खालच्या माणसाला विमान दिसलं तर दिसलं, आवाज आला तर आला.

दुसऱ्या महायुद्धात रडार आलं. रडारवर विमानाचा ठिपका दिसायचा, पण तो आपल्याचा की शत्रूचा हे कसं कळणार? म्हणून इंग्रजांनी आपल्या विमानांत एक पेटी बसवली. रडारची लहर पोचली की ती पेटी उलट उत्तर द्यायची. तिचं सांकेतिक नाव ‘पॅरट’ म्हणजे पोपट! वैमानिक आजही कोड लावण्याला ‘स्क्वॉक’ म्हणतात, ते त्या पोपटाच्या ओरडण्यावरूनच आलं असं सांगतात.

युद्ध संपल्यावर हीच पेटी प्रवासी विमानांत आली. हाच ट्रान्सपॉन्डर. आम्हा मास्तरांना हे समजायला सोपं, कारण ही सरळसरळ हजेरी आहे. जमिनीवरचं रडार १०३० मेगाहर्ट्झवर पुकारतं, विमान १०९० वर "हजर सर" म्हणतं आणि आपला चार आकडी नंबर सांगतं. या नंबरात ८ आणि ९ कधीच येत नाहीत, फक्त ० ते ७. एकूण नंबर होतात ४०९६. काही नंबर राखीव आहेत. ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे संकट. नंतर नंबराबरोबर उंची सांगायचीही सोय झाली.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

१२ नोव्हेंबर १९९६. दिवाळीचे दिवस. संध्याकाळी दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारं कझाकस्तानचं इल्युशिन ७६ हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतली मिळून ३४९ माणसं गेली. एकही वाचलं नाही.

सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा आठवीतल्या एका पोराने विचारलं, "सर, आभाळ एवढं मोठं, तरी धडकली कशी?" मला उत्तर येत नव्हतं. "नशीब, बाळा," म्हणालो आणि धडा पुढे सुरू केला.

ते उत्तर चुकीचं होतं. आभाळ मोठं असलं तरी त्यातली वाट अरुंद होती. येणारी आणि जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून जात, कारण आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं. एकाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, दुसऱ्याला १४,००० वर. कझाक विमान ठरलेल्या उंचीवर न थांबता खाली येत राहिलं. आणि दिल्लीच्या रडारवर नुसते ठिपके दिसत, उंची दिसत नसे! वैमानिक तोंडाने सांगेल तीच उंची खरी धरायची. ती दिसत असती, तर विमान खाली येतंय एवढं तरी नियंत्रकाला कळलं असतं.

न्यायमूर्ती लाहोटींच्या आयोगाने चौकशी केली. पुढे दिल्लीत येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. हे यंत्र जवळच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला स्वतःच पुकारतं आणि धोका दिसला तर एका वैमानिकाला "वर जा", दुसऱ्याला "खाली जा" असं सांगतं.

आता तर विमानं कुणी पुकारायचीही वाट बघत नाहीत. स्वतःचा ठावठिकाणा सेकंदाला साधारण दोनदा सांगत असतात. आमच्या लॅपटॉपवर धावतात त्या याच ओळी. एका ओळीत २८ अक्षरं-आकडे, सुरुवात बहुतेक वेळा ‘८डी’ अशी. पुढची सहा म्हणजे विमानाचा कायमचा पत्ता. भारतातल्या विमानांचा पत्ता ८०, ८१, ८२ किंवा ८३ ने सुरू होतो. मग उंची, जागा, वेग किंवा फ्लाइटचं नाव. शेवटची सहा म्हणजे आपण गणितात करायचो तसा ताळा, चूक झाली तर सापडावी म्हणून. एवढं सगळं सेकंदाच्या साधारण आठ हजाराव्या भागात बोलून होतं!

परवा लेक मुंबईहून चेन्नईला निघाली. मी आणि ही, दोघं लॅपटॉपसमोर. पुण्याच्या बाजूने तिच्या फ्लाइटचं नाव उमटलं. उंची चढत चढत ३५,००० फूट. विमान सांगोल्याच्या बाजूला आलं तसे आम्ही गच्चीत जाऊन वर बघत उभे राहिलो. पुढे कर्नाटकात ओळ थांबली. हिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अगं, पृथ्वी गोल आहे, त्यापलीकडचं आपल्या तारेला ऐकू येत नाही. तासाभराने "पोचले" असा फोन आला, तेव्हा कुठे ही जेवली.

आठवीतला तो पोरगा आता चाळिशीत असेल. त्याने हे वाचलं तर त्याला सांगायचंय: बाळा, ते नशीब नव्हतं. उंची विचारायची सोय तेव्हा जगात होती, दिल्लीला नव्हती. उत्तर द्यायला तुझ्या सरांना फार उशीर झाला.

असो.