बोनस : बक्षीस की बाकी?

इंग्रजीतून मराठीत आलेले काही शब्द असे रुळले आहेत की त्यांचे परकेपण आता कोणास जाणवतही नाही. ‘बोनस’ हा त्यांपैकीच एक. लॅटिनमध्ये ‘बोनस्’ म्हणजे ‘चांगला’, आणि तोही पुल्लिंगी. चांगल्या वस्तूस ‘बोनम्’ म्हणावयास हवे. अठराव्या शतकात लंडनच्या शेअरबाजारातील दलालांनी बहुधा थट्टेने हा शब्द प्रचारात आणला, आणि व्याकरणाची ही चूक सोबत घेऊनच तो जगभर फिरला.

आपल्याकडे तो आला तेव्हा त्याच्यासाठी जागा तयारच होती. दिवाळीला गडीमाणसांना ‘पोस्त’ देण्याची चाल जुनीच आहे. पोस्त ही देणाऱ्याची मर्जी. ती मागता येते, पण तिच्यासाठी भांडता येत नाही. इनाम, बक्षीस, बिदागी हे शब्दही याच कुळीचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणीमालकांनी १९१७ मध्ये मजुरीवर दहा टक्के ‘वॉर बोनस’ दिला तो महागाईमुळे, पण त्यामागची भावना पोस्त देणाराचीच होती. युद्धानंतर नफा उदंड झाला आणि काही वर्षे साधारणतः एका महिन्याच्या वेतनाइतकी रक्कम कामगारांच्या हाती पडू लागली. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या त्या माणसांनी गावाकडची देणी तिच्या भरवशावर ठेवली असतील तर त्यांना दोष कोण देईल?

१९२३ सालासाठी मालकांनी बोनस नाकारला, आणि १९२४ च्या जानेवारीत दीड लाखांवर कामगार संपावर गेले. संप दोन महिने चालला. मार्चमध्ये गोळीबार झाला व कामगार प्राणास मुकले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा निर्णय असा की, कायदा, न्यायबुद्धी वा रूढी यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांचा बोनसवर हक्क सिद्ध होत नाही. समितीच्या दृष्टीने ती पोस्तच होती. न्यायमूर्तींनी ताळेबंद पाहिले. पण चार वर्षे मिळत राहिलेली गोष्ट माणसाच्या संसारात कोठे जाऊन बसते, हे ताळेबंदात लिहिलेले नसते. संपकरी पदरी काही न पडता कामावर परतले.

हा अर्थ उलटावयास सव्वीस वर्षे लागली. १९५० मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने ठरविले की बोनस ही मेहेरबानी नव्हे. झीज, यंत्रसामग्रीचे नूतनीकरण, भांडवलावर सहा टक्के परतावा वगैरे वजा जाता जे उरते त्यात कामगारांचा वाटा आहे. पुढे मेहेर आयोग नेमला गेला आणि १९६५ चा बोनस कायदा आला. त्यात किमान दर चार टक्के होता. १९७२ च्या दुरुस्तीने तो ८.३३ टक्के झाला. हा अपूर्णांक कोणास विचित्र वाटेल. पण बारा महिन्यांचा बारावा भाग काढून पाहावा. एका महिन्याचे वेतन! १९२४ मध्ये जे नाकारले गेले तेच आकड्याचा वेष घेऊन कायद्यात परत आले होते. आणीबाणीत, १९७५ साली, ते पुन्हा चार टक्क्यांवर उतरविण्यात आले. १९७७ मध्ये पूर्ववत् झाले.

हा कायदा सरकारी खात्यांना मात्र लागू नव्हता. सरकार नफा मिळवीत नाही, मग वाटा कशाचा? युक्तिवाद बिनतोड खरा, पण मे १९७४ च्या रेल्वे संपात बोनस ही एक प्रमुख मागणी होतीच. १९७९-८० पासून रेल्वेला ‘उत्पादकतेशी निगडित’ बोनस मिळू लागला. पुढे संरक्षण उत्पादनातील कारखान्यांनाही. म्हणजे नफा नव्हे, तर उत्पादन हे कारण ठरले.

ज्यांचे उत्पादन मोजता येत नाही अशा आम्हां कारकुनांचे काय? आमच्यासाठी ‘तदर्थ’ बोनस निघाला. जबलपुरात हा भेद एकाच गल्लीत पाहावयास मिळतो : एका बिऱ्हाडी १९०४ साली उभारलेल्या गन कॅरेज फॅक्टरीतला कामगार, शेजारी रेल्वेचा तंत्रज्ञ, पलीकडे हिशेब कार्यालयातला बाबू. दसऱ्याच्या सुमारास तिघांच्या घरी निरनिराळे आकडे येतात. सात हजारांच्या मर्यादेवर रेल्वेचे अठ्ठ्याहत्तर दिवसांचे रु. १७,९५१ होतात, आमचे तीस दिवसांचे, ३०.४ ने भागून, रु. ६,९०८. मूळ वेतन कितीही असो, हिशेब सात हजारांवरच.

‘तदर्थ’ या शब्दाकडे मात्र लक्ष जाते. तदर्थ म्हणजे त्यापुरते, तेवढ्याच प्रसंगासाठी. रूढी होऊ नये याची तजवीज शब्दातच केलेली. तरीही अर्थ मंत्रालयाचा आदेश वर्षानुवर्षे निघतो, आणि नवरात्र बसले की कार्यालयात पहिली चौकशी होते ती त्याचीच.