एक पुरवठा, अनेक वाटेकरी

शाळेच्या प्रयोगशाळेत एक लहानशी पेटी असते. भिंतीवरच्या प्लगला जोडली की तिच्यातून २, ४, ६ व्होल्ट असा दिष्ट प्रवाह मिळतो. तिला आपण 'बॅटरी एलिमिनेटर' म्हणतो. एलिमिनेटर म्हणजे काढून टाकणारा. पण या पेटीने कोणती बॅटरी काढून टाकली? हे नाव व्हॉल्व्हच्या रेडिओच्या काळातले आहे. त्यामागचा इतिहास सांगितला तर विजेच्या धड्यातल्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात, असे आम्हाला वाटते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी नळदुर्ग घेतला. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यातला उस्मानाबाद जिल्हा होता. १७ तारखेला संस्थान शरण आले, आणि ही घोषणा हैदराबादच्या रेडिओवरून झाली. त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. मग अशा गावातला रेडिओ चाले कशावर?

व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागते. आतला तंतू तापवण्यासाठी कमी दाबाची, आणि तंतूतून सुटलेले इलेक्ट्रॉन पट्टीकडे ओढून घेण्यासाठी जास्त दाबाची. बॅटरीवरच्या रेडिओत तंतूला साधारण १.४ व्होल्ट पुरत, पण पट्टीला ९० व्होल्ट लागत. दीड व्होल्टाचे ६० घट एकापुढे एक जोडले म्हणजे ९० व्होल्ट होतात. ही जाडजूड कोरडी बॅटरी महाग असे, आणि संपली की फेकूनच द्यावी लागे. दुसरा मार्ग मोटारीच्या ६ व्होल्टाच्या बॅटरीचा. 'व्हायब्रेटर' नावाची थरथरणारी पट्टी तिचा प्रवाह सेकंदाला शंभरएक वेळा उलटसुलट करी, आणि मग ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी.

जिथे वीज होती तिथे बॅटरीला रजा देता आली. इंग्लंडच्या जॉन फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन अग्रांचा व्हॉल्व्ह बनवला तो बिनतारी संदेश ओळखण्यासाठी. त्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो. हाच गुण प्रत्यावर्ती प्रवाह दिष्ट करण्याच्या कामी आला. १९२५ च्या सुमारास कॅनडात एडवर्ड रॉजर्सने बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ विक्रीला आणला. व्हॉल्व्हना लागणारी वीज आता व्हॉल्व्हच पुरवू लागले. मात्र ५० हर्ट्झचा प्रवाह दोन्ही बाजूंनी दिष्ट केला की त्यात सेकंदाला १०० चढउतार राहतात. कर्ण्यातून ऐकू येणारी गुणगुण ती हीच. ती घालवण्यासाठी लोखंडी गाभ्याचा चोक आणि मोठे कंडेन्सर लावत.

ट्रान्सफॉर्मर आणि चोक म्हणजे तांबे आणि लोखंड. सगळ्या संचात जड आणि महाग भाग तेच. घरी स्वतःच्या हाताने ध्वनिवर्धक बांधणाऱ्यांना साहजिकच वाटे की, पूर्ववर्धक, रेडिओचा ट्यूनर आणि मुख्य वर्धक या तिघांना मिळून एकच पुरवठा का नसावा? १९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात विल्यमसनच्या वर्धकाची रचना प्रसिद्ध झाली आणि जगभर हौशी मंडळींनी ती बांधली. १९५३ च्या 'क्वाड टू' या तयार वर्धकातून पूर्ववर्धकाला आणि ट्यूनरला वीज पुरवली जाई. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले.

पण वाटून घेण्यात एक अडचण आहे. धाराशिवसारख्या टंचाईच्या जिल्ह्यात ती समजावून द्यायला नको. एकाच टाकीवर गल्लीतले सगळे नळ असले आणि टाकीजवळच्या घराने मोठी तोटी सोडली, तर शेवटच्या घरी धार बारीक होते. पुरवठ्यालाही अंतर्गत रोध असतो. शेवटचा मोठा व्हॉल्व्ह प्रवाह ओढू लागला की सगळ्यांचाच दाब खाली येतो. पहिला नाजूक व्हॉल्व्ह हा चढउतार म्हणजे आवाजच समजतो आणि वाढवून पुढे पाठवतो. चक्र फिरू लागते आणि कर्ण्यातून मोटारबोटीसारखा फटफट आवाज येतो.

यावरचा उपायही गल्लीतलाच आहे. प्रत्येक घराने आपला रांजण भरून ठेवावा, आणि तो बारीक नळाने भरावा. रांजण म्हणजे कंडेन्सर, बारीक नळ म्हणजे रोध. प्रत्येक टप्प्याला अशी जोडी दिली की एकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही.

हे वर्गात करून पाहता येते. चार जुने सेल एकसरीत जोडा. त्यांवर खेळण्यातली मोटर आणि १००० ओहमच्या रोधासह एक एलईडी, अशा दोन शाखा समांतर ठेवा. मोटर सुरू करताना, किंवा तिचा आस बोटाने क्षणभर अडवताना, एलईडी मंद होतो. आता एलईडीच्या शाखेत सुरुवातीला एक डायोड घाला आणि त्याच्या पुढे, एलईडी व रोध यांना समांतर, २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा. त्याची धन-ऋण टोके नीट पाहून जोडा. तोच धक्का आता एलईडीला फारसा जाणवत नाही. बारीक नळाऐवजी इथे डायोड आहे. तो रांजणातले पाणी मोटरकडे परत जाऊ देत नाही.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. अडगळीतला व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा वर्धक वर्गात उघडून दाखवण्याचा मोह टाळावा. विजेवर चालणाऱ्या अशा संचात ३०० व्होल्ट सहज असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते बराच वेळ टिकून राहतात. जाणते कारागीर कंडेन्सरला समांतर एक रोध कायमचा जोडत, म्हणजे साठलेला भार आपोआप निघून जाई. तो रोध जळालेला असेल तर बाहेरून कळत नाही.

ट्रान्झिस्टर आल्यावर ९ व्होल्ट पुरू लागले आणि ती जड पेटी मागे पडली. वाटणीचा प्रश्न मात्र राहिला. संगणकातला एकच पुरवठा १२, ५ आणि ३.३ व्होल्टांच्या वाटण्या करतो, आणि संगणकाच्या मुख्य पट्टीवर प्रत्येक चिपशेजारी एक इवलासा कंडेन्सर बसवलेला असतो. प्रत्येक चिपचा तो रांजणच आहे.