आणलंच कशाला?

गेल्या शनिवारची गोष्ट. विकांताची सकाळ, हातात चहाचा मग, आणि सोसायटीच्या बागेत आमची भुरी नेहमीप्रमाणे प्रत्येक झाडाची हजेरी घेतेय. तेवढ्यात बी विंगमधला एक मुलगा समोर आला. चोवीस-पंचवीसचा असेल, बहुतेक पहिलीच नोकरी. हातात नवीकोरी दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला अडीच महिन्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू.

"दादा, हा रात्रभर रडतो हो. बाल्कनीत झोपवतो मी त्याला. आणि सारखा चावतो. काय करू?"

आता या प्रश्नाचं उत्तर मला येतं. सहा वर्षं कुत्रा पाळलाय, पुस्तकं वाचलीत. पण तोंडातून निघालं ते असं: "बाल्कनीत? एवढ्याशा पिल्लाला? आणि लशी पूर्ण व्हायच्या आधी खाली घेऊन आलास? काही माहिती नव्हती तर आणलंच कशाला?"

पोराचा चेहरा पडला. "हो, बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाला आणि पिल्लू उचलून निघून गेला. मी उरलेला चहा प्यायलो. तो थंड झाला होता.

दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं, कारण ते माझं नव्हतंच. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी तेच मला ऐकवलं होतं.

भुरी आम्हाला पार्किंगमध्ये गाडीखाली सापडली. गावठी पिल्लू, अंगावर पिसवा, पोट फुगलेलं. घरात कुणीच कधी कुत्रा पाळला नव्हता. तीन आठवड्यांत तिने दोन चपला, एक लॅपटॉपचा चार्जर आणि माझी झोप फस्त केली. मी एका ट्रेनरना फोन केला. त्यांनी अर्धं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जमणार नव्हतं तर आणलंच कशाला?" त्यानंतर मी कुणाला काही विचारणंच सोडून दिलं. इतकं, की खेळताना भुरीचा दात लागून मनगटावर रक्त आलं तेही लपवलं. तिला रेबीजची लस अजून टोचायची होती. मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. फक्त पुन्हा ते वाक्य ऐकायचं नव्हतं.

आईच्या ते नजरेला पडलं. ती रागावली नाही. "कधी लागलं रे? धुतलंस का?" एवढंच विचारलं. मग सगळं बाहेर आलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धरायला लावला आणि तसंच दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं झाली, पुढे काही झालं नाही. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणजे एका खोचक वाक्याच्या भीतीने मी काय पणाला लावलं होतं, ते बघा.

तर प्रश्न असा पडला, की नवख्या माणसाने कुत्र्याबद्दल काही विचारलं की जाणकाराला असा सार्जंटचा सूर का लागतो? थोडं वाचत गेलो, आणि गंमत म्हणजे हा सूर खरोखरच सार्जंटचा निघाला!

गोष्ट सुरू होते जर्मनीत. कोनराड मोस्ट हा पोलिसांची कुत्री शिकवणारा अधिकारी. त्याचं कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरचं पुस्तक 1910 साली आलं. त्या काळाच्या मानाने माणूस हुशार. आज ज्याला बक्षीस आणि शिक्षेचं मानसशास्त्र म्हणतात त्यातलं बरंच त्याने अनुभवातून आधीच ओळखलं होतं. पण त्याचं जग पोलीस आणि लष्कराचं. कुत्रा कामाचा, शिकवणारा पगारी, आणि दोघांनीही हुकूम पाळायचा. कुत्र्याला जमलं नाही तर दुसरा कुत्रा आणायचा. "मला जमत नाहीये, काय करू?" असं विचारणारा घरगुती मालक या चित्रात कुठेच नाही.

अमेरिकेत सुरुवात मात्र वेगळी झाली होती. हेलेन व्हाइटहाउस वॉकर या बाईंकडे पूडल जातीची कुत्री होती. लोक म्हणायचे, ही नुसती शोभेची, यांना अक्कल कुठली! बाईंनी 1933 मध्ये न्यूयॉर्कजवळ माउंट किस्कोला आज्ञापालनाची स्पर्धाच भरवली. आली किती कुत्री? आठ. मग 1937 मध्ये त्या आणि त्यांची सहकारी ब्लँश सॉंडर्स गाडीला घरवजा ट्रेलर जोडून निघाल्या आणि दहा हजार मैल फिरून गावोगावी प्रात्यक्षिकं दाखवली. सॉंडर्सबाईंच्या 1946 च्या पुस्तकाचं नाव मला फार आवडलं: 'ट्रेनिंग यू टु ट्रेन युअर डॉग'. म्हणजे शिकायचंय ते तुम्हाला! कुत्रा दुसऱ्या नंबरावर.

पण मध्येच दुसरं महायुद्ध आलं. 1942 मध्ये अमेरिकी लष्करासाठी लोकांनी घरची कुत्री देऊ केली. युद्ध संपल्यावर त्यातली जी परत आली, त्यांना घरी पाठवण्याआधी लष्करी सवयी मोडण्याचं वेगळं शिक्षण दिलं गेलं. हे वाचून मी थांबलोच. कुत्र्यांचं लष्करीपण उतरवायची आठवण कुणाला तरी झाली होती, शिकवणाऱ्यांचं कुणी उतरवलं नाही! लष्करासाठी कुत्री शिकवलेला विल्यम कोलर पुढे डिस्नेच्या सिनेमांसाठी प्राणी शिकवू लागला आणि 1962 मध्ये त्याचं पुस्तक आलं. गळ्यात साखळी, चुकलं की जोरात हिसका. कुत्र्याची दया येणाऱ्या मऊ मनाच्या मालकांची तर त्याने उघड खिल्ली उडवली. पुस्तक तुफान खपलं.

मग या सगळ्याला विज्ञानाचा मुलामा मिळाला. रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास 1947 मध्ये प्रसिद्ध केला होता. बंदिस्त जागा, कुणालाच सोडून जाता येत नाही, त्यामुळे मारामाऱ्या. त्यातून 'अल्फा' लांडग्याची कल्पना आली, म्हणजे सगळ्यांना दाबून वर बसलेला. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या 1970 च्या 'द वुल्फ' या पुस्तकाने ती घराघरात पोचवली. 1978 मध्ये न्यू स्केट मठातल्या साधूंनी जर्मन शेफर्ड वाढवण्याच्या अनुभवावरून पुस्तक लिहिलं. त्यात हट्टी कुत्र्याला उलथा पाडून दाबून धरायचा उपाय होता, तोच तो 'अल्फा रोल'. झालं! कुत्रा ऐकत नाही याचा अर्थ आता 'शिकवायचं कसं ते मालकाला अजून माहीत नाही' असा राहिला नाही. 'मालक कमकुवत आहे' असा झाला. आणि कमकुवत माणसाला सल्ला कोण देतं? त्याला दटावतात.

हे दटावणं टीव्हीवर आलं 1980 मध्ये. बीबीसीवर सत्तरीला टेकलेल्या बार्बरा वुडहाउस या बाईंची मालिका लागली आणि ब्रिटन वेडं झालं. बाईंचा मूळ विचार असा, की वाईट कुत्रा असा नसतोच. मालक अननुभवी असतो. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर केवढा प्रेमळ विचार! पण दोष कुत्र्याच्या पाठीवरून उचलून त्यांनी अख्खाच्या अख्खा मालकाच्या पाठीवर टाकला, आणि गोंधळलेल्या मालकांना कॅमेऱ्यासमोर फैलावर घेणं हीच त्या कार्यक्रमाची करमणूक झाली. माझ्या बागेतल्या वाक्याची ही सख्खी आजी.

आता दुसरी बाजू. इयन डनबार हे पशुवैद्य. त्यांनी कॅलिफोर्नियात 1982 मध्ये खास पिल्लांचे वर्ग सुरू केले, तेही दोरी न लावता. त्याआधी कुत्रा सहा महिन्यांचा झाल्याशिवाय वर्गात घ्यायचेच नाहीत, कारण हिसके सोसायला मान तयार हवी ना! म्हणजे शिकायचा सगळ्यात चांगला काळ फुकट. डनबार यांचा मार्ग साधा: हातात खाऊ धरा, नाकावरून हळूच मागे न्या, नाक वर गेलं की बूड आपोआप खाली, बसला की खाऊ द्या. हे पाच वर्षांचं पोरही करू शकतं. 1984 मध्ये करेन प्रायर यांचं 'डोन्ट शूट द डॉग' आलं. बाई मुळात डॉल्फिन शिकवणाऱ्या. पाण्यातल्या डॉल्फिनच्या गळ्यात साखळी कशी घालणार? त्यामुळे बरोबर केलं की मासा, हाच मार्ग. पुस्तकाच्या नावात कुत्रा असला तरी ते बरंचसं माणसांबद्दलच आहे.

आणि लांडग्यांचं काय झालं? मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समियर बेटावर तेरा उन्हाळे जंगली लांडग्यांजवळ काढले आणि 1999 मध्ये स्वच्छ लिहिलं: जंगलातला कळप म्हणजे एक कुटुंब, आई-बाप आणि त्यांची पोरं. 'अल्फा' वगैरे काही नाही, ते आई-बाबा आहेत! आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. ते अखेर 2022 मध्ये थांबलं. न्यू स्केटच्या साधूंनीही 2002 च्या आवृत्तीतून तो उलथा पाडायचा उपाय काढून टाकला. चूक मान्य करणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्या हापिसात जुना कोड आपला आहे हे तरी कोण कबूल करतं?

2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांकडून माहिती गोळा केली. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली होती, त्यांच्यापैकी 43 टक्के लोकांवर कुत्रा उलटला होता. 'अल्फा रोल' करणाऱ्यांपैकी 31 टक्के लोकांवर. शिक्षेने भीती वाढली आणि भीतीने दात बाहेर काढले.

एवढं होऊनही एक गोष्ट राहूनच गेली. कुत्र्याशी वागायची पद्धत बदलली, मालकाशी वागायची नाही. खिशात चिकनचे तुकडे घेऊन फिरणारा, कुत्रा नुसता बसला तरी "शाब्बास" म्हणणारा माणूस (म्हणजे मीच की!) त्याच कुत्र्याच्या मालकावर खेकसतो. प्रायरबाईंचा नियम इथेही लागू पडतो. ज्या कृतीनंतर वाईट अनुभव येतो ती कृती कमी होते. बी विंगमधल्या पोराने केलेली कृती कोणती? त्याने विचारलं. मी शिक्षा कशाची दिली? विचारण्याची. बाल्कनीची नाहीच. बाल्कनी चालूच राहणार, बंद होणार ते विचारणं.

आणि हे नुसतं मन दुखावण्यापुरतं राहत नाही. 1996 मध्ये अमेरिकेत गॅरी पॅट्रोनेक आणि सहकाऱ्यांनी लोक कुत्री निवाऱ्यात का सोडून देतात याचा अभ्यास केला. कुत्रा आणल्यावर प्रशिक्षणवर्गाला जाणाऱ्यांनी कुत्रं सोडून देण्याचा धोका कमी दिसला. घरात घाण करणं आणि कुत्रं पाळायला किती कष्ट पडतात याचा चुकलेला अंदाज यांनी तो वाढत होता. म्हणजे शिकणाऱ्याला दारातून हाकलून दिलं की ते पिल्लू कुठे जाणार, याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

अजून एक कबुली. लशींवरून मी जे ठणकावलं तेही अर्धवटच होतं. 2008 मध्ये प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने सांगितलंय, की पहिली लस झाल्यावर, सगळे डोस पूर्ण व्हायची वाट न बघता, पिल्लाला काळजीपूर्वक जग दाखवा; पहिले तीन महिने त्यासाठी सगळ्यात मोलाचे. आपल्याकडे रस्त्यावर पार्व्होची भीती आहे, म्हणून जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरवायचं, इतकंच. म्हणजे त्या पोराला मी रागावलो आणि वर नीट माहितीही दिली नाही!

रविवारी संध्याकाळी वॉचमनकाकांना फ्लॅट नंबर विचारून बी विंगमध्ये गेलो. दार उघडल्यावर पोरगा जरा दचकलाच. म्हटलं, "काल उगाच बोललो रे. तू विचारलंस ते चांगलं केलंस." मग आत बसून बोललो. पिल्लाचं अंथरूण बाल्कनीतून उचलून याच्या पलंगाशेजारी. आईला आणि भावंडांना सोडून आलेलं बाळ ते, एकटं रडणारच. चावायला लागला की हात काढून खेळणं द्यायचं, तरी थांबला नाही तर अर्धा मिनिट उठून जायचं. आणि दुपारी भरपूर झोपू द्यायचं, कारण झोप कमी पडलेलं पिल्लू जास्त चावतं. पहिल्या दिवसाला एवढं पुरे. बाकीचं हळूहळू.

मग मी सहज विचारलं, "तुला कुठे लागलंय का त्याच्या दाताने?"

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि शर्टाची बाही वर केली. दोन ओरखडे, ताजे. आम्ही आधी बेसिनपाशी गेलो, साबण लावून नळाखाली हात धरला, आणि मग माझ्या स्कूटरवरून दवाखान्यात. वाटेत तो म्हणाला, की ज्यांच्याकडून आणलं त्यांना परत घेता का म्हणून सकाळी फोन केला होता त्याने. ते म्हणाले, पुढच्या शनिवारी आणून द्या.

आज तो शनिवार आहे. मघाशी खाली दोघंही दिसले. पिल्लू कडेवर होतं आणि भुरीकडे बघून शेपूट हलवत होतं. असो, चहा निवतोय, आणि भुरी दाराशी दोरी घेऊन उभी आहे. भेटू पुढच्या विकांताला.